साडेअठरा

जनार्दनने झाकण बसवलं, चारही स्क्रू आवळले आणि शाफ्ट हाताने फिरवायला गेला. शाफ्ट हलला नाही. त्याने दुसरं हाउसिंग घेतलं, मग तिसरं. बेअरिंग ज्यात बसतं ती ही ओतीव घरं सकाळीच सावली गावच्या पंप कारखान्यातून टेम्पोने परत आली होती. चाळीसच्या चाळीस अडून बसली होती, आणि अडण्यातही अगदी एकसारखी होती. नव्या मशीनचा हाच तर गुण होता.

"काका, मशीन खोटुं ना बोले," धवल म्हणाला. धवल नव्या मशीनचा ऑपरेटर आणि आज सकाळपासून आरोपी. त्याने प्रत्येक हाउसिंगची खोली पुन्हा मोजली होती. ड्रॉइंगमध्ये अठरा मिलिमीटर, हाउसिंगमध्येही अठरा. ना केसभर कमी, ना केसभर जास्त.

मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या शेडमध्ये हे कॉम्प्युटरवर चालणारं मशीनिंग सेंटर येऊन चार महिने झाले होते. शेडचा मालक सलील याने सगळ्यांना गोळा करून त्याचे फायदे सांगितले होते. एकदा प्रोग्रॅम भरला की पहिला नग आणि हजारावा नग सख्खे जुळे. हत्यार स्वतःच बदलतं. चहाला जात नाही, लग्नसराईत गावाला जात नाही. ते सगळं खरं निघालं. दसऱ्याला त्याच्यावर नारळ तेवढा फोडू दिला नाही, कंपनीचा माणूस म्हणाला वॉरंटी जाईल. तेव्हा नारळ शेजारच्या जुन्या लेथने सोसला. त्यापलीकडे जनार्दनची तक्रार नव्हती. मशीनला कागदावर जे लिहून द्यावं तेच ते करी. त्या शेडमध्ये अठ्ठावीस वर्षांत तसं कुणी केलं नव्हतं.

आणि गोम तिथेच होती. हे जनार्दनला पहिल्याच हाउसिंगला कळलं होतं.

ड्रॉइंग चुकीचं होतं. बेअरिंग सोळा मिलिमीटरचं, झाकणाचा आतला काठ अडीचचा. साहेबांनी तो दोन धरला होता. साहेब म्हणजे शरच्चंद्र, सलीलचे वडील. नोकरी सोडून त्यांनी शेड घेतली तेव्हा हे पहिलं ड्रॉइंग जेवणाच्या टेबलावर बसून त्यांनी स्वतः काढलं होतं. जनार्दन तेव्हा नवा. पहिलाच नग अडला, आणि 'साहेब, तुमचं चुकलंय' असं काही त्याच्या तोंडून निघेना. त्याने गुपचूप अर्धा मिलिमीटर जास्त घेतला. रोज विसरायला नको म्हणून लेथच्या मापाच्या चकतीवर मुलीच्या, मनालीच्या, लाल नेलपॉलिशने साडेअठरावर एक रेघ मारून ठेवली. रेघ पुसट झाली की नवी मारायची. मनालीचं लग्न झाल्यावर तो दुकानात स्वतः नेलपॉलिश घ्यायला गेला, तेव्हा दुकानदाराने रंगाची कुठली शेड हवी असं विचारलं होतं.

साहेब रोज लेथपाशी यायचे. तयार हाउसिंगमध्ये अंगठा फिरवायचे.

"वा जनार्दन. ड्रॉइंगप्रमाणे?"

"ड्रॉइंगप्रमाणेच, साहेब."

माल सावलीला रवाना झाला की साहेब त्याला स्कूटरवर मागे बसवून सयाजीगंजात शेवउसळ खायला न्यायचे. तिखट रस्सा दोनदा मागायचे, घाम पुसायचे आणि ड्रॉइंग नीट असलं की कारखाना आपोआप चालतो, असं सांगायचे. जनार्दन मान डोलवायचा. शेव मऊ पडायच्या आत संपवावी लागे, त्यामुळे फार बोलावंही लागत नसे.

साहेबांना जाऊन आता दोन वर्षं झाली होती. ते ड्रॉइंग सलीलच्या केबिनमध्ये काचेच्या फ्रेममध्ये होतं. खंडेराव मार्केटजवळून फ्रेम साहेबांनीच करून आणली होती. खाली उदबत्तीचं घर होतं. ही हाउसिंग पहिल्यांदाच नव्या मशीनवर घ्यायची ठरली तेव्हा सलीलने त्याचाच फोटो काढून धवलला पाठवला होता.

केबिनमधून सलीलचा फोनवरचा आवाज येत होता. तो सावलीच्या माणसाला गुजरातीत समजावत होता, मग हिंदीत, मग नुसतं "हा जी, हा जी". उद्या संध्याकाळपर्यंत चाळीस हाउसिंग बरोबर होऊन गेली नाहीत तर काम दुसरीकडे जाणार होतं. धवलकडे तो काचेतून ज्या तऱ्हेने बघत होता त्यावरून धवलही दुसरीकडे जाणार होता.

जनार्दनने हात पुसले. मशीन बिघडलंय म्हटलं तर सगळ्यांचा विश्वास बसला असता. लेथही वाचला असता. शनिवारी भंगारवाला तो न्यायला येणार होता. आणि खरं बोलावं, तर ज्या कागदाखाली सलील रोज उदबत्ती लावतो, त्याच कागदात चूक आहे म्हणून त्याला सांगायचं. त्याने पुसलेले हात पुन्हा एकदा पुसले आणि केबिनमध्ये गेला.

"चूक माझी आहे," तो म्हणाला. "साहेबांनी मला तेव्हाच तोंडी सांगितलं होतं, साडेअठरा घे म्हणून. कागदावर करून घ्यायचं मी विसरलो."

सलील त्याच्याकडे बघत राहिला. "अठ्ठावीस वर्षं, काका?"

"कामात राहून गेलं."

सलील रागावला नाही. न रागावणं त्याने वडिलांकडून घेतलं होतं. त्याने फ्रेम उतरवली, मागचे खिळे पेपरनाइफने उचकटले. आता तरी ते दुरुस्त करून ठेवू, म्हणाला. कागद बाहेर काढून त्याने टेबलावर पालथा ठेवला आणि पेन शोधता शोधता थांबला.

मग त्याने कागद तसाच जनार्दनपुढे सरकवला.

जनार्दनने चष्मा लावला. मागच्या बाजूला पेन्सिलने, बारीक, उजवीकडे झुकलेल्या अक्षरात लिहिलं होतं:

'खोली १८.५ हवी. जनार्दन घेतोच. ड्रॉइंग बदलू नये. विचारू नये.' खाली तारीख होती, अठ्ठ्याण्णव सालच्या फेब्रुवारीतली.

जनार्दनने ते दोनदा वाचलं. बाहेर धवल नळीने हवा मारून टेबल साफ करत होता.

"अक्षर साहेबांचंच," जनार्दन म्हणाला.

"हो."

"तारीख घालायची सवय होती त्यांना."

सलीलने पेन उघडलं होतं, ते त्याने मिटलं. कागद पुन्हा फ्रेममध्ये घातला, खिळे अंगठ्याने दाबले. एक बसेना, तो जनार्दनने बसवून दिला. फ्रेम भिंतीवर होती तशी टांगली. आता धवलला सांगा म्हणाला, आणि सावलीला फोन लावायला घेतला.

जनार्दन मशीनपाशी गेला. धवल उठून उभा राहिला. प्रोग्रॅममध्ये अठराच्या जागी साडेअठरा कर आणि चाळीसही नग पुन्हा एकेकदा फिरवून घे, एवढंच त्याने सांगितलं.

"पण ड्रॉइंगमां तो अढार छे, काका."

"असू दे. ड्रॉइंगमध्ये अठराच राहणार."

धवलने आकडा बदलला. मग म्हणाला, ड्रॉइंगपेक्षा वेगळं माप घेतलं तर कारण लिहून ठेवायचं असतं. प्रोग्रॅममध्ये कंस करून लिहिता येतं. मशीन कंसातलं वाचत नाही, सोडून पुढे जातं. ते नंतरच्या माणसासाठी असतं. काय लिहू?

जनार्दनने लेथकडे पाहिलं. चकतीवरची लाल रेघ इथूनही दिसत होती. मागच्या महिन्यातच नवी मारली होती, कशासाठी कोण जाणे.

"लिही," तो म्हणाला, "विचारू नये."

धवलने मान वर केली, मग तेवढंच इंग्रजी अक्षरांत लिहिलं, आणि हिरवं बटण दाबलं. मशीन कंस सोडून पुढे गेलं आणि साडेअठरावर थांबलं.