मानाच्या जागेमागची भिंत

खोलीत एक्स-रे यंत्र एक, छातीचा फोटो काढायचा उभा स्टँड एक, झोपवून फोटो काढायचं टेबल एक. शिशाचे एप्रन तीन. त्यातल्या एकाचा खांद्याचा पट्टा तुटलेला आणि लगामाच्या वादीनं पुन्हा शिवलेला. गळ्याला बांधायच्या शिशाच्या पट्ट्या दोन, लहान मुलांच्या मापाचा एप्रन एक. दाराबाहेर लाल दिवा एक, आणि तो लागत होता. जिबेकनं प्रत्येक वस्तूला हात लावून खात्री केली. नोकरीच्या तीन वर्षांत डोंगरातले कितीतरी दवाखाने तिनं पाहिले होते. दारावरचा दिवा खरोखर लागतो असा हा तिसराच.

ही यंत्रं माणसांना इजा न करता चालताहेत की नाही हे बघणं तिचं काम. चालत नसली तर मोहोर लावून ती बंद करायचा अधिकारही तिच्याकडे होता, आणि त्यामुळे बहुतेक ठिकाणी लोक तिच्याशी जरा जास्तच गोड बोलत. इथला यंत्र चालवणारा मोल्दोकुल तसा नव्हता. साठीला टेकलेला, तीस वर्षं याच खोलीत काढलेला माणूस. एप्रन हातात देताना तो म्हणाला होता, "नीट बघ, पोरी. मागच्या वेळी आला होता तो साहेब दारातूनच गेला. मला वाईट वाटलं."

तिनं नीट बघितलं. सगळं बरोबर निघालं. नकाशात स्टँडमागच्या भिंतीपलीकडे कोठार दाखवलं होतं, माणसांचा वावर नाही असं. मोल्दोकुल म्हणाला, कोठारच आहे, थंडीत तिथे चहा पितो एवढंच. मग चहाला जाऊ तेव्हाच भिंतीपलीकडे किरण येतात का ते मोजू, असं जिबेकनं ठरवलं आणि किरण मोजायचं यंत्र चालूच ठेवून पिशवीत टाकलं.

दवाखाना उतारावर बांधलेला, त्यामुळे कोठारात जायला दोन पायऱ्या चढाव्या लागत. आत शिरल्याबरोबर चेहऱ्यावर ऊब आली. कोपऱ्यात नवी शेगडी होती आणि दारासमोर, भिंतीला लागून, टेबलाएवढ्या उंचीचा फळ्यांचा ओटा. ओट्यावर गाद्यांची चळत, मागे भिंतीवर लाल-काळ्या नक्षीचा जाड लोकरी नमदा. त्या मानाच्या जागेवर, त्योरवर, एक पोटुशी बाई हातमशीन पुढ्यात घेऊन दवाखान्याच्या चादरी शिवत बसली होती. जिबेकला बघताच ती मशीन उचलून खाली उतरली आणि दाराशी, चहाच्या भांड्यापाशी जाऊन बसली. ती मोल्दोकुलची सून नुरझादा. तिला सातवा महिना होता.

जिबेकनं रीतीप्रमाणे एकदा नको म्हटलं, दुसऱ्यांदा ती वर चढून बसली. मुख्य डॉक्टर आयचुरोक शेजारी टेकली. तिनं भाकरीचा तुकडा मोडून जिबेकपुढे ठेवला. मोल्दोकुल बसतो न बसतो तोच त्याला हाक आली. घोड्यानं लाथ मारलेला कोणी मेंढपाळ बाहेर आला होता. तो पियाला तसाच ठेवून उठला. नुरझादानं जिबेकच्या पियाल्यात चहा थोडाच ओतला, म्हणजे पुन्हा पुन्हा ओतता येईल. साय पुढे सरकवली.

पिशवी जिबेकच्या मांडीवर होती. भिंतीपलीकडे मोल्दोकुलचा आवाज आला, "श्वास धर." मग खट्. आणि पिशवीतलं यंत्र करकरलं.

तिनं पिशवीत डोकावून बघितलं. आकडा चढला होता. एकदा असं होऊ शकतं, पिशवीला धक्का लागतो, बॅटरी दगा देते. तिनं पियाला खाली ठेवला नाही. आयचुरोक खिंडीतल्या बर्फाबद्दल काही सांगत होती, त्याला तिनं हं हं केलं.

"बाजूला वळ. हात वर. श्वास धर."

खट्. आकडा पुन्हा चढला, या वेळी आधीपेक्षा जास्त. बाजूनं फोटो काढताना किरण जास्त लागतात, हे तिला ठाऊक होतं. आता बॅटरीचा संशय घेण्यात अर्थ नव्हता.

"इथे रोज कोण बसतं?" तिनं विचारलं.

"मीच," नुरझादा हसली. "हसू नका, एजे," थोरल्या बहिणीला म्हणावं तसं ती जिबेकला म्हणाली. "अख्खं गाव हसतं. सून त्योरवर आणि सासरा दाराशी! सासूबाई म्हणतात, आता हिला घोड्यावर बसव आणि तू लगाम धरून पुढे चाल. तर सासरे काय म्हणतात, तिच्या पोटात बसलाय तो पाहुणा माझ्याहून मोठा आहे. पाहुण्याला दाराशी कोण बसवतं?"

आयचुरोकही हसली. मग आवाज उतरवून तिनं जिबेकला सांगितलं, की गेल्याच्या गेल्या वसंतात हिचं पहिलं मूल पोटातच गेलं होतं. तेव्हापासून म्हाताऱ्याचा जीव टांगणीला लागलेला. या खोलीत सगळ्यात उबदार जागा ती, म्हणून दिवस राहिल्याचं कळलं तसं त्यानं तिला तिथे बसवलं. ती उठून दाराशी बसली तर तो रागावतो.

जिबेकनं पियाला ठेवला. "नुरझादा, तू तिथेच थांब. वर येऊ नकोस," म्हणून तिनं वळून भिंतीवरचा नमदा एका बाजूनं उचलला. मागे चुन्याची भिंत होती आणि तिच्यात, बसलेल्या माणसाच्या पोटाच्या उंचीवर, ताटलीएवढा एक गोल, बाकीच्या भिंतीहून पांढरा. तिनं अंगठ्यानं दाबलं. गोल आत दबला.

तेवढ्यात मोल्दोकुल आला. एक बरगडी मोडली आहे, फुप्फुसाला काही नाही, असं खुशीत सांगता सांगता त्याला उचललेला नमदा दिसला.

"ते होय," तो म्हणाला. "जुन्या शेगडीची नळी होती तिथून. दोन्ही खोल्या एकाच शेगडीवर तापवायचो. नवी शेगडी आली, नळी काढली, भोक राहिलं. वारा यायचा सुसाट. मग मीच भरलं. लोकर, चांगली शरदातली लोकर ठासली, दोन्हीकडून माती लावली. आता वारा..."

तो थांबला. जिबेकनं काही सांगायची गरज राहिली नाही. शिसं किती जाड हवं, वीट किती, भिंतीत कुठला गिलावा घालतात, हे त्यानं तीस वर्षं नव्या मुलींना शिकवलं होतं. पण त्या दिवशी भोक भरताना तो यंत्रवाला नव्हता. थंडीत भोक दिसलं की त्याचे बाप-आजे जे करत आले, तेच त्यानं केलं. त्या लोकरीतून वारा आला नाही, थंडी आली नाही.

त्यानं दाराशी बसलेल्या सुनेकडे बघितलं नाही. नुरझादानं विचारलं, काय झालं. या भोकातून फोटोचे किरण ओट्यापर्यंत येतात, हे जिबेकनं सरळ सांगितलं.

त्यानंतर बराच वेळ बोलणं झालं ते आयचुरोक आणि जिबेक यांच्यात. आयचुरोकचं म्हणणं, भोक उद्याच्या उद्या बुजवू, वर कळवायची गरज काय? कळवलं की मोहोर आली, मोहोर आली की उघडायला महिना. खिंड धड उघडली नाही, खोकणारे रोज येताहेत, निम्म्यांना क्षयाचा संशय. जिबेक म्हणाली की यंत्रावर ती मोहोर लावणार नाही, फक्त स्टँडवर लावेल. टेबलावर झोपवून खालच्या दिशेनं फोटो काढायला हरकत नाही. भिंतीत शिशाचा पत्रा बसला की स्टँड मोकळा.

"स्टँड बंद म्हणजे सगळंच बंद," आयचुरोक म्हणाली. "उताण्या माणसाच्या छातीतलं पाणी दिसत नाही, हे तुला मी सांगायचं? एखादा मेला तर तो कोणाच्या नावावर लिहू?"

पत्रा आपल्या गाडीनं आठवड्याच्या आत पाठवते, एवढंच जिबेक म्हणाली. आपण पाठवू शकू याची तिला स्वतःला खात्री नव्हती.

मोल्दोकुल इतका वेळ ओट्याच्या कडेला हात टेकून उभा होता. "ते तुम्ही दोघी बघा," तो म्हणाला. "मोहोर लाव, नको लावू. मला एवढं सांग, पोरी. किती?"

"मोजल्याशिवाय नाही सांगता येणार, अबा."

"मग मोज."

त्यांनी मोजलं. आधी एक्स-रे यंत्राची वीज तोडली. मग नुरझादा नेहमीसारखी ओट्यावर बसली आणि जिबेकनं तिच्या बेंबीच्या उंचीवर नमद्याला खडूची खूण केली. तेवढ्यापुरता मोल्दोकुल पाठ फिरवून खिडकीशी गेला. नुरझादा उतरून अंगणापलीकडच्या धुलाईघरात गेल्यावर जिबेकनं मोजणीचं यंत्र खुणेपाशी गाद्यांवर ठेवलं. स्टँडपुढे माणसाऐवजी दुधाचा प्लास्टिकचा कॅन पाण्यानं भरून ठेवला, कारण माणसाचं शरीर आणि पाणी किरणांना जवळपास सारखंच अडवतात. वीज पुन्हा जोडून पडद्यामागे मोल्दोकुलनं बटणावर बोट ठेवलं आणि तसंच राहू दिलं.

"मी दाबू का?" तिनं विचारलं.

"नको. रोज मीच दाबत होतो."

दहा फोटो काढले. दर फोटोनंतर जिबेक पायऱ्या चढून आकडा वाचून आली. सरासरी एका फोटोमागे एक पूर्णांक दोन मायक्रोसिव्हर्ट पडली.

नुरझादा ओट्यावर बसायला लागल्यापासून स्टँडवर किती फोटो काढले ते एक्स-रे यंत्राच्या नोंदीवरून निघालं: एक हजार चाळीस. नुरझादाला बोलावून घेतलं. ती आता बसायला तयार नव्हती, दारातच उभी राहिली. ती कधी कधी इथे नव्हती, तापानं घरी होती, पाहुणे आले म्हणून दाराशी बसली, हे तिनं आठवून आठवून सांगितलं. मध्ये एकदा ती म्हणाली, "त्या दिवशी मला दाराशी बसायचं होतं. सासऱ्यांनी ऐकलं नाही." मग ती सासऱ्याकडे वळली. "ऊब होती पण तिथे," ती हळूच म्हणाली. ती ओट्यावर नव्हती त्या दिवसांचे म्हणून जिबेकनं एकशे चाळीस फोटो वजा केले. नऊशे उरले.

गुणाकार करण्याआधी तिनं दोन गोष्टी सांगितल्या, कारण आकडा आल्यावर त्या कोणी ऐकणार नाही असं तिला वाटलं. पहिली, साध्या माणसाला वर्षभरात एक मिलिसिव्हर्टच्या, म्हणजे हजार मायक्रोसिव्हर्टच्या, वर किरण लागू नयेत असा नियम आहे आणि पोटातल्या मुलालाही तेवढीच मर्यादा. दुसरी, मुलाला इजा झालेली डॉक्टरांनी पाहिली आहे ती याच्या शंभरपट किरणांनंतर. आयचुरोकनं मान हलवली, हो, शंभरपट. नुरझादा दोघींच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघत राहिली.

"पहिलं किती म्हणालीस?" मोल्दोकुलनं विचारलं.

"एक."

"एक," तो म्हणाला.

जिबेकनं नऊशेला एक पूर्णांक दोननं गुणलं. मायक्रोचे मिली केले. पुन्हा पहिल्यापासून गुणलं. कॅनमधलं पाणी अजून स्टँडपुढे तसंच होतं आणि बाहेर बाकावर कोणीतरी खोकत होतं. तिनं कागद मोल्दोकुलकडे फिरवला, पण त्याचा चष्मा पलीकडच्या खोलीत राहिला होता, म्हणून तिला मोठ्यानं वाचावं लागलं.

एक पूर्णांक शून्य आठ मिलिसिव्हर्ट.