चादरकाकांची हजेरी

“चादरकाका,” मी माइकवर म्हणालो आणि स्टँडमधल्या चार हजार माणसांनी एका आवाजात उत्तर दिलं, “हजर!”

ढोलावर थाप पडली. माझ्या हातातलं कार्ड तिथंच राहिलं. चादरकाका मेले नव्हते. ते मैदानापासून दोन गल्ल्या पलीकडे, स्वतःच्या घरी, डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून पडले होते. आदल्याच दिवशी त्यांचा मोतीबिंदू काढला होता.

आमच्या फुटबॉल समर्थक मंडळाची ही जुनी रीत. घरच्या मैदानावर मॅच असली की आधी मंडळाच्या गेलेल्या माणसांची हजेरी घ्यायची. तीस वर्षं ढोल बडवणारा लोहार, तिकिटाच्या खिडकीपाशी रांग सरळ करणारी मावशी, बाहेरगावच्या मॅचला स्वतःचा ट्रक देणारे बेकरीवाले शेठ. अशी अकरा माणसं. मी एकेक नाव घ्यायचं आणि त्यांच्या वतीने स्टँडने ओ द्यायची.

हे काम माझ्याकडे आलं, कारण मी सत्तावीस वर्षं बसस्टँडवर गाड्यांच्या घोषणा केल्या. मंडळात मला भोंगा म्हणतात. आवाज मोठा आणि आत पोकळ, असा त्याचा अर्थ असावा. हजेरी संपल्यावर काकांच्या डोळ्यासाठी दोन शब्द बोलायचे होते, म्हणून कार्डाच्या तळाशी त्यांचं नाव लिहून ठेवलं होतं. मध्ये एक ओळ सोडायला हवी होती, ती मी सोडली नाही. घोषणा करणाऱ्याची जीभ डोळ्यांमागे धावते आणि डोकं रमतगमत मागून येतं.

बसस्टँडवर चुकलं तर इलाज असतो. ‘कृपया लक्ष द्या, घोषणेत दुरुस्ती आहे,’ म्हणायचं. प्रवासी शिव्या घालत दुसऱ्या फलाटाकडे पळतात आणि विषय मिटतो. मी तेच म्हणालो. पण ढोल सुरू झाले होते, रेफ्रीची शिट्टी वाजली होती, आणि माझी दुरुस्ती कुणाच्याही कानावर गेली नाही.

त्या दिवशी आम्ही तीन गोलांनी जिंकलो. अकरा मॅच ओळीने हरत आल्यावर आमचा तो पहिला विजय.

संध्याकाळी घरी जाऊन सांगितलं, तर चादरकाकांना हसू आवरेना. “अरे भोंग्या, मेल्यावर एवढी माणसं ओ देणार असतील तर मी लवकर मरतो की!” काकूंनी मात्र हातातला कप टेबलावर जरा जोरातच ठेवला.

काका इस्पितळातल्या कपड्यांच्या खोलीत शिंपी होते. चौतीस वर्षं चादरींना ठिगळं लावली, उश्यांचे अभ्रे शिवले, ऑपरेशनचे हिरवे झगे उसवले की पुन्हा जोडले. पार विरलेल्या चादरीवर ‘रद्द’ असा काळा शिक्का बसायचा. अशा चादरी त्यांनी रीतसर अर्ज करून मागून घेतल्या, निळ्या रंगात बुडवल्या आणि मंडळाचा मोठा झेंडा शिवला. तो घडी करायला बारा माणसं लागायची. उलट्या बाजूने पाहिलं तर रंगाखालून जागोजागी ‘रद्द’ दिसायचं. काका म्हणायचे, “या चादरींखाली पडून कितीजण बरे होऊन घरी गेलेत, माहितेय? आपली टीमपण उठेल.” दर वर्षी टीम उठायची नाही आणि दर वर्षी ते झेंडा नव्याने डागडुजी करून आणायचे. चौथ्या पायरीवर खांबाला टेकून बसायचे. ती जागा त्यांची, हे पावसालाही ठाऊक असावं, तिथं गळायचं नाही.

पुढच्या मॅचला मी कार्ड नवं केलं. अकरा नावं वाचली आणि थांबलो. आम्ही चार गोल खाल्ले आणि आमच्या गोलकीपरचं मनगट मोडलं.

त्यानंतरच्या मॅचला अकरावं नाव झालं आणि मी कार्ड खिशात घालत होतो, तोच वरच्या पायऱ्यांवरून कुणीतरी ओरडलं, “चादरकाका!” आणि चार हजार माणसं गरजली, “हजर!” ही चूक नव्हती. आम्ही जिंकलो.

त्याच संध्याकाळी मंडळाचा पुढारी माझ्याकडे आला. तो गोदीत क्रेन चालवतो, म्हणून क्रेनवाला. माणूस वाईट नाही. पण एकदा आकडा अडकवला की उचलल्याशिवाय सोडत नाही.

“भोंगा, नाव कार्डावर घे.”

“अरे, जिवंत माणूस आहे तो.”

“म्हणून तर विचारायला चाललोय ना त्यांना. चल.”

खेळाच्या बाबतीत आमच्यासारखी अंधश्रद्ध माणसं शोधून सापडणार नाहीत. एकजण सगळा मोसम मोजे धूत नाही, दुसरा पेनल्टीच्या वेळी भिंतीकडे तोंड करतो. पण मोजे आणि भिंत यांना काही सोसावं लागत नाही. हे मी क्रेनवाल्याला रस्त्यात सांगायला हवं होतं.

काका लगेच तयार झाले. “घ्या की! टीम वरच्या गटात राहणार असेल तर माझं काय जातंय? नाव काही झिजत नाही.”

क्रेनवाला खुर्चीच्या कडेवर आला. “आणि काका, अजून एक. मॅचला यायचं नाही. पहिल्या दिवशी तुम्ही नव्हता ना. मोसम संपू दे, मग खुशाल जिवंत व्हा.”

काका हसत होते. ते हसू तोंडावरच राहिलं, पण त्यातलं काहीतरी निघून गेलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

दारापर्यंत सोडायला काकू आल्या. म्हणाल्या, “त्यांना नाही म्हणता येत नाही, हे तुम्हाला माहीत होतं.”

मग आम्ही जिंकत गेलो. एक, दोन, पाच. दर मॅचला मी बारा नावं वाचत होतो, आणि बाराव्या नावाला ‘हजर’ सगळ्यात मोठं व्हायचं. काकांच्या घरी लाउडस्पीकर स्पष्ट ऐकू जातो. काकू खिडकी लावून घ्यायच्या, तरी आवाज काचेतून यायचा. आधी माझा, मग चार हजारांचा. काका नव्या डोळ्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसायचे, असं त्यांनी मला पुढे सांगितलं.

त्यांच्या जागेवर आता कुणी बसेना. चौथ्या पायरीवर खांबापाशी कुणीतरी निळा मफलर ठेवला. मग एका मॅचला फुलं दिसली. बाजारात माणसं त्यांची नजर चुकवू लागली. न्हाव्याच्या दुकानात ते शिरले की बोलणं थांबायचं. झेंडा फाटला तेव्हा तो काकांकडे न जाता एका छत्रीवाल्याकडे गेला, त्याने प्लॅस्टिकचं ठिगळ चिकटवलं. मी क्रेनवाल्याला विचारलं, तर तो साधेपणाने म्हणाला, “त्यांच्याकडे कसा देणार?” जणू काकांच्या घराला आता दारच नव्हतं.

स्टँडखाली मंडळाची खोली आहे. तिथल्या एका भिंतीवर गेलेल्यांचे फोटो आहेत. एका दुपारी मी माइकची वायर घ्यायला गेलो, तर लोहाराच्या फोटोशेजारी चादरकाका. मंडळाच्या सहलीच्या फोटोतून कापून काढले होते. त्यांच्या खांद्यावर एक हात होता, मनगटाशी कापलेला. तो हात माझा होता. त्या दिवशी मी त्यांच्या शेजारी उभा होतो. मी वायर घेतली आणि बाहेर आलो. फोटो काढला नाही. आज सांगताना लाज वाटते, पण तेव्हा मनात हेच आलं की आता चारच मॅच उरल्यात.

शेवटच्या मॅचच्या दिवशी सकाळी काकू माझ्या घरी आल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

“ते ओ देत नाहीत हो.”

“कोण?”

“कोण म्हणजे? हे. मी हाक मारते, अहो म्हणते, तर भिंतीकडे बघत राहतात. मला वाटलं, कान गेले. काल खांदा धरून हलवलं. तर म्हणतात, माझ्या वतीने चार हजार माणसं ओ देतात, मी आणखी कशाला देऊ?” त्यांनी पदराने डोळे पुसले. “जेवण टाकलंय. मशीनवर कापड टाकून ठेवलंय. तुम्ही घातलंत ते नाव तिथं. तुम्हीच काढा.”

“काकू, आज बरोबरी झाली तरी टीम वर राहते. हरलो तर खालच्या गटात. माणसं मला सोडायची नाहीत.”

“मग माझ्या माणसाला कुणी सोडलंय?” एवढं बोलून त्या निघाल्या. दारात वळून म्हणाल्या, “मी त्यांना घेऊन येतेय. आले तर.”

मी मैदानावर तास-दीड तास आधीच पोहोचलो. खोलीत जाऊन काकांचा फोटो उतरवला आणि शर्टाच्या आत ठेवला. बाहेर स्टँड गच्च भरत होता. कुणी गात नव्हतं. एरवी तासभर आधीपासून दंगा असतो, त्या दिवशी चार हजार माणसं दाटीवाटीने बसून नुसती वाट पाहत होती. क्रेनवाला माइकपाशी माझ्या मागे येऊन उभा राहिला आणि त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

मी वाचायला लागलो. लोहार. हजर. मावशी. हजर. बेकरीवाले शेठ. हजर. अकरावं नाव झालं आणि मी थांबलो.

खांद्यावरची बोटं आवळली. “पुढचं घे,” क्रेनवाला कानाशी म्हणाला.

स्टँडमध्ये इतकी शांतता झाली की झेंड्याची दोरी खांबावर आपटताना ऐकू येत होती. मग सत्तावीस वर्षांची सवय कामाला आली.

“कृपया लक्ष द्या,” मी म्हणालो. “घोषणेत दुरुस्ती आहे. चादरकाका हयात आहेत. त्यांचं नाव चुकून वाचलं गेलं. चूक माझी आहे. चादरकाकांची जागा, चौथी पायरी, खांबाशेजारी.”

वरून कुणीतरी माझ्या आईचा उद्धार केला. कुणीतरी “चादरकाका!” म्हणून ओरडलं, आणि चार हजार माणसांनी श्वास घेतला. तेवढ्यात खालच्या जिन्यातून काकू वर आल्या. त्यांच्या हाताला धरून काका. दाढी वाढलेली, सदरा दोन मापं मोठा झालेला. ते सावकाश चौथ्या पायरीवर गेले. मफलर उचलून त्यांनी शेजारी ठेवला, आपल्या जागेवर उभे राहिले, आणि बऱ्याच दिवसांत न वापरलेल्या आवाजात म्हणाले, “हजर.”

स्टँडमधून कुणीच ओ दिली नाही. काकांच्या उजवीकडच्या एकाने मात्र स्वतःची पिशवी उचलली आणि तो दोन पायऱ्या वर सरकला. मग त्याच्या पलीकडचा. बघता बघता काका-काकूंच्या चारी बाजूंना रिकामी फरशी झाली. क्रेनवाल्याने माझ्या खांद्यावरचा हात काढून घेतला. तो हात असलेलाच बरा होता, असं मला वाटलं.

मॅच मी नीट पाहिली नाही. मी काकांना पाहत होतो. ते पुढे वाकून, नव्या डोळ्यावर तळहात आडवा धरून, प्रत्येक चेंडू बघत होते. शेवटची चार मिनिटं उरली असताना आमच्या पोराच्या हाताला चेंडू लागला आणि समोरच्यांना पेनल्टी मिळाली. गोल झाला तेव्हाही कुणी ओरडलं नाही. सगळी डोकी एकदम चौथ्या पायरीकडे वळली. तेवढं मी आयुष्यात विसरणार नाही.

आम्ही खाली गेलो.

स्टँड रिकामा झाला, पण माणसं घरी गेली नव्हती. पुढच्या फाटकाबाहेर त्यांचा आवाज ऐकू येत होता, दबका, एकसारखा. कुणीतरी पत्र्यावर लाथ घातली. झेंडा कठड्यावर तसाच लटकत होता. एरवी घडी घालायला बारा जण धावतात. त्या दिवशी काका एकटेच उठले आणि कठड्यावरच्या गाठी सोडू लागले. मी माइक बंद करून खाली उतरलो.

“काका, मागच्या दाराने निघू या. हे नंतर करता येईल.”

“कोपरा धर,” ते म्हणाले.

मी कोपरा धरला, काकूंनी दुसरा. काका पलीकडच्या टोकाला गेले, दोन्ही हातांत कड घेतली आणि इस्पितळातल्यासारखा एक झटका दिला. झेंडा ताणला गेला. उलट्या बाजूवरचे काळे शिक्के दिसले.

“ते आत गेले पाहिजेत. उलटा नको. हां, आता अर्धा.”

ते आमच्याकडे चालत आले, आपली टोकं माझ्या हातात दिली, खाली वाकून घडीची कड उचलली आणि पुन्हा मागे गेले. पुन्हा आले. प्लॅस्टिकचं ठिगळ दिसलं तसे थांबले, नखाने त्याची कड उचलून पाहिली. “हे मी काढीन. घरी,” एवढंच म्हणाले. शर्टाच्या आतला फोटो माझ्या छातीला टोचत होता. तो त्यांना द्यावा की फाडून टाकावा, मला सुचेना.

बाहेर पुन्हा पत्रा वाजला. या वेळी दोनदा.

“काका, लवकर,” मी म्हणालो.

“घाई नको. कोपरे जुळू देत.”

शेवटी उशीएवढी जाड घडी झाली. बारा माणसांचं ओझं त्यांनी खांद्यावर घेतलं, जरासे झुकले, सावरले, आणि मागच्या दाराकडे न वळता सरळ पुढच्या फाटकाकडे चालू लागले.

“अहो,” काकूंनी मागून हाक मारली.

“ओ,” काका म्हणाले.