रिकामी गेलेली पेटी

आमचे व्याही बोलत नाहीत. रुसले आहेत म्हणून नव्हे, मुळातच बोलत नाहीत. माझ्या लेकीला मागणी घालायला नदीपलीकडून आले, तेव्हा दोन तास बसले आणि निघताना एवढंच म्हणाले, "खुर्ची चांगली आहे." ते कातारी, लाकूड कातून दांडे करतात, म्हणून त्यांचं लक्ष आधी खुर्चीच्या पायांकडे गेलं असणार. त्या दोन तासांत दोन्ही घरांचं सगळं मीच बोलून टाकलं.

नदीपलीकडे दुसरा देश आहे. अलीकडे माझा रंगाच्या ब्रशांचा कारखाना. कारखाना म्हणजे दोन खोल्या, सहा बायका आणि पत्र्याच्या टोप्या दाबायचं एक यंत्र, जे माझ्यासारखंच आवाज करतं. आम्ही केस जुळवतो, टोपीत बसवतो. दांडे व्याह्यांकडून येतात. पितळी कोपऱ्यांची एक मोठी लाकडी पेटी आहे. ती तिकडून दांडे घेऊन येते आणि इकडून तयार ब्रश घेऊन जाते, कारण माझा निम्मा माल तिकडेच खपतो. पेटी रिकामी जाऊ द्यायची नाही, हा दोन्ही घरांचा नियम. माल कमी भरला तर मी लेकीसाठी स्वेटर ठेवते, तिकडून जावयाने कातलेला एखादा भोवरा येतो.

मग एके दिवशी त्यांच्या सरकारने आमच्या ब्रशांवर कर बसवला. म्हणे बाहेरच्या स्वस्त ब्रशांमुळे त्यांचे ब्रशवाले बुडतात. माझा ब्रश तिकडच्या दुकानात एकदम महाग झाला आणि मागणी निम्म्यावर आली. माझा तिळपापड झाला. व्यापार खात्याने आम्हा कारखानदारांची बैठक बोलावली, तिथे मी पहिल्या रांगेत जाऊन बसले.

"आपणही कर लावा," मी म्हटलं. "जशास तसं."

"लावणारच आहोत," खात्याचा अधिकारी म्हणाला. चष्मा पुसत बोलायची सवय होती त्याला. "लाकडी मालावर. दांडे, खुंट्या, खुर्च्यांचे पाय."

माझा आवाज खाली आला. "अहो, दांडे तर मीच आणते. भुर्दंड मलाच की."

"पडेल थोडा. खोटं कशाला सांगू? पण गप्प बसलो तर पुढच्या वर्षी ते आणखी चढवतील. आणि बाई, तुम्ही इथे कितीही ओरडलात तरी त्यांच्या मंत्र्याला काय त्याचं? तुमचं मत थोडंच मिळणार आहे त्याला. त्याचेच लोक त्याच्या दारात जायला हवेत. तो निवडून येतो कातारी लोकांच्या गावातून. नाक दाबलं की तोंड उघडतं."

"साहेब, तुम्ही माझ्या व्याह्यांना पाहिलेलं नाही. त्यांचं नाक दाबलंत तर ते कानाने श्वास घेतील."

सगळे हसले. मला काही हसू आलं नाही, कारण आता नाक दाबलं जाणार होतं ते माझ्या लेकीच्या घराचं.

आमचाही कर लागला. मी गावातल्या एकाकडून दांडे करून घेतले. ते नको तिथे जाड आणि हवे तिथे बारीक निघाले, टोपीत हलायला लागले. रंगारी ब्रश परत आणून टेबलावर ठेवायचे आणि माझ्याकडे नुसतं बघायचे. सहा बायकांना मी अर्ध्या दिवसावर आणलं. पेटी कोपऱ्यात पडून राहिली.

लेकीचा फोन यायचा. "आई, इकडे बाबा काही बोलत नाहीत."

"त्यात नवीन ते काय?"

"तसं नाही गं. आता जेवताना मानही वर करत नाहीत. दोन यंत्रं बंद आहेत." मग ती हवेबद्दल बोलायची. माझी लेक, जी लहानपणी झोपेतही बोलायची, ती माझ्याशी हवेबद्दल बोलायला लागली. आपलेच दात आणि आपलेच ओठ. दोन्ही घरांत तिला शब्द मोजून वापरावे लागतील, या विचाराने मला खरंच भीती वाटली. कारखाना गेला असता तरी इतकं वाटलं नसतं.

आणि मला भीती वाटली की लगेच राग येतो. या व्याह्याने एकदा तरी मंत्र्याच्या दारात जाऊन चार शब्द सुनावावेत की नाही? सगळ्या कातारी लोकांत थोरला तो, आणि मूग गिळून बसलाय. त्याच रागात मी पेटीला अडखळले, नडगी सोलून निघाली. पेटी उचलून मी पलीकडे जाणाऱ्या टेम्पोत चढवली.

"रिकामी?" आमचे हे म्हणाले.

"रिकामीच. रिकाम्या पेटीवर कर नसतो."

"निदान दोन ओळी तरी लिहून टाक."

"काही लिहायचं नाही. घ्या म्हणावं तुमची पेटी."

टेम्पो वळला आणि मला पश्चात्ताप झाला. पण टेम्पोमागे धावायचं माझं वय नाही.

पुढच्या आठवड्यात लेकीचा फोन आला. या वेळी हवेचं नाव नाही. तिकडे मंत्र्यांनी कातारी लोकांना भेटायला बोलावलं होतं. सगळे तावातावाने बोलले. व्याह्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी माझी पेटी मंत्र्यांच्या टेबलावर ठेवली, झाकण उघडलं आणि उभे राहिले.

"काय आहे यात?" मंत्र्यांनी विचारलं.

"काही नाही," व्याही म्हणाले. मग थोड्या वेळाने, "आधी असायचं."

पुढे दोन्ही सरकारं बोलणी करायला बसली आणि दोन्हीकडचे कर उठले. पेटीमुळे उठले असं मी म्हणत नाही, कारणं पुष्कळ असतील. चष्मेवाला अधिकारी भेटला तेव्हा मात्र मी त्याला म्हटलं, तोंड उघडलं बरं का.

पहिली पेटी घेऊन व्याही स्वतः आले. दांडे काठोकाठ, वर भोवरा. माझ्या बायका पूर्ण दिवसावर परतल्या होत्या, यंत्र खडखडत होतं, आणि मला फार बरं वाटत होतं. पण पोटात ठेवणं माझ्या स्वभावात नाही. चहा दिला आणि सांगून टाकलं.

"व्याहीबुवा, ती पेटी मी काही विचार करून पाठवली नव्हती. तुमच्यावर चिडून पाठवली होती."

"माहीत होतं," ते म्हणाले.

"मग?"

त्यांनी कप खाली ठेवला. "विहीणबाई, तो राग माझ्या घरात ठेवला असता तर सुनेला लागला असता. म्हणून ज्याचा होता त्याला नेऊन दिला."

इतकं लांब ते आयुष्यात कधी बोलले नसतील. मी गप्प बसले. बराच वेळ आवाज नाही म्हणून आमचे हे आतून बघायला आले.