साहेबांनी चहा घेतला

माझे दाजी रामकिसन यांना साधं काही सुचतच नाही. त्यांच्या लेकीचं, अर्पिताचं, सासर सास्तूर गावातल्या त्यांच्या घराच्या गच्चीवरून दिसतं, तरी पाठवणी हेलिकॉप्टरनंच करायची असा त्यांनी हट्ट धरला.

अर्पिताला एसटीत बसलं की गावाच्या वेशीवरच उलटी होते. तिनं सांगून पाहिलं, रडून पाहिलं. ‘लोक काय म्हणतील’ यापुढं पोरीचं कुणी ऐकेना. मला दाजींचा भयंकर राग येत होता, पण बहिणीच्या घरी आपण काय बोलणार?

पूर्वी हेलिकॉप्टर कंपनीचाच माणूस यायचा, हेलिकॉप्टर उतरवायचं शेत बघायचा, मटण खायचा आणि ‘जागा ठीक’ असं लिहून जायचा. सरकारनं सुधारणा करून ही मजा बंद केली. आता कंपनीशी संबंध नसलेला तपासनीस येणार, आणि त्यानं लग्नघरचं पाणी जरी घेतलं तरी पाहणी रद्द.

तपासनीस शंभुलिंग साहेब पाण्याची बाटली घरून घेऊन आले. शेत चालून पाहिलं, विजेच्या तारा पाहिल्या, कडब्याची गंजी हलवायला लावली. सगळं पास. दाजींची छाती फुगली, अर्पिताचा चेहरा पडला.

साहेब गाडीत बसले, तशी ती स्वयंपाकघरात शिरली. तिथं दाजींच्या थोरल्या बहीण धुरपदाबाई होत्या.

“आत्या, साहेब चहा न घेताच चाललेत,” अर्पिता म्हणाली.

झालं. धुरपदाबाईंच्या दारातून वीज तोडायला आलेला माणूससुद्धा कधी कोरड्या तोंडानं गेलेला नाही. त्या कपबशी घेऊन थेट गाडीपुढं जाऊन उभ्या राहिल्या.

“मावशी, नियम हाय. घेता येत न्हाय,” साहेब म्हणाले.

“कुणाचा नियम?”

“सरकारचा.”

“सरकारला माय न्हाय का?”

“अक्का, सरका की,” दाजी हात जोडून विनवू लागले. अक्कांनी भर उन्हात चाकापुढं बसकण मारली. चहावर साय धरली. शेवटी साहेब खाली उतरले, डोळे मिटून चहा प्यायले, “लई भारी झालाय” म्हणाले आणि बोनेटवरच स्वतःविरुद्ध अहवाल लिहिला. पाहणी रद्द. दुसरा तपासनीस लग्न उरकल्यावरच मिळणार होता.

पाठवणी बैलगाडीतून झाली. गाडी मी हाकत होतो, दाजी तोंड पाडून मागून चालत होते. ओढा ओलांडल्यावर अर्पितानं नवऱ्याला, कृष्णराजला, हळूच विचारलं, “हेलिकॉप्टर हुकलं म्हणून राग तर न्हाय आला?”

“राग कशाचा? मला जत्रंतल्या पाळण्यात बी गरगरतं.”

त्यानं मागून चालणाऱ्या दाजींकडं पाहिलं. मग म्हणाला, “म्या बी त्या दिवशी सायबासाठी तालुक्याहून पेढे घेऊन निघालो व्हतो. वाटंत गाडी पंक्चर झाली.”

मला हसू आवरेना, म्हणून मी उगाचच बैलांवर ओरडलो.