तपकिरी डायल

पारोळ्याच्या भागाबाई डाव्या हातात बांगड्यांच्या वर, पार कोपराजवळ सरकवून, नवऱ्याचं घड्याळ घालायच्या. झुलालआबा तरुणपणी कुवेतला क्रेन चालवायचे. तिथल्या गोऱ्या साहेबानं निरोपाच्या दिवशी आपल्या मनगटावरचं रोलेक्स काढून त्यांना दिलं होतं. गावी परतल्यावर आबांनी ते कपाशीत, विहिरीवर, बाजारात, सगळीकडे वापरलं. उन्हानं त्याची काळी डायल हळूहळू तपकिरी झाली.

आबा गेल्यावर चार वर्षांनी भागाबाईंना कवळी बसवायची म्हणून मुलगा समाधान त्यांना धुळ्याला, देवपुरातल्या डॉक्टर योगराजकडे घेऊन गेला. योगराजला जुन्या घड्याळांचा नाद होता. खुर्चीवर बसलेल्या म्हातारीचा हात दिसताच तो तिचे दात विसरला.

"अक्का, हे विकणार का? मागाल ती किंमत देतो."

"हाऊ मना माणूसना हात शे," भागाबाई म्हणाल्या. "हात कोन इकस?"

योगराज हसला आणि कामाला लागला. पण जाताना त्यानं समाधानला बाजूला घेतलं. समाधान साधा माणूस, गावात खत-बियाण्यांचं दुकान चालवणारा. मोठ्या डॉक्टरनं खांद्यावर हात ठेवला, यानंच तो सुखावला.

"समाधानभाऊ, आत ओल शिरलीय. डायल सडलीय, बघा कशी तपकिरी झालीय. एक दिवस बंद पडेल, आणि अक्का ते सोसणार नाहीत. नाशिकला माझा माणूस आहे. ओरिजिनल डायल टाकून, पॉलिश करून देईल. पैसे मी बघतो. त्यांना आत्ता सांगू नका, एकदम नवं कोरं हातात ठेवा."

समाधाननं आईला सांगितलं की घड्याळाला तेल द्यायचंय, आणि ते योगराजकडे पोचवलं. पंधरवड्यानं ते परत आलं. काळीभोर डायल, आरशासारखं चकचकीत बाहेरचं कवच. त्यानं मोठ्या हौसेनं आईच्या हातात ठेवलं.

भागाबाईंनी ते उलटंसुलटं केलं. बाजूला अंगठा फिरवला. विहिरीच्या कठड्यावर आपटून पडलेली खाच तिथे होती. आता नव्हती.

"बठ्ठं पुसी टाकं," सगळं पुसून टाकलं, एवढंच त्या म्हणाल्या आणि घड्याळ देवघराच्या फळीवर ठेवून दिलं. सून रत्नानं समजूत काढली, पण त्यांनी ते परत हातात घातलं नाही.

कवळीचं शेवटचं माप द्यायला पुन्हा देवपूरला जावं लागलं. योगराजनं मापाचा ओला गोळा साच्यात भरून म्हातारीच्या तोंडात दाबला. "अक्का, आता बोलायचं नाही, हलायचं नाही. घट्ट होऊ द्या."

साचा धरलेल्या त्याच्या हाताची बाही मागे सरकली. भागाबाईंच्या डोळ्यांसमोर, वीतभर अंतरावर, तपकिरी डायल आली. चाराच्या आकड्याजवळ ज्वारीच्या दाण्याएवढा फिकट डाग. तीस वर्षं आबांच्या शेजारी जेवताना पाहिलेला.

त्यांनी त्याचं मनगट पकडलं. घशातून आवाज निघाला, शब्द निघेना. डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळलं.

"हलू नका ना, माप बिघडेल," योगराज शांतपणे म्हणाला. त्यानं हात मागे घेतला नाही. म्हातारीला बघू दिलं.

साचा निघताच त्या ओरडल्या, "समाधान, त्याना हातमा दख!"

समाधाननं पाहिलं. पहिल्यांदा त्याला कळेचना. मग कळलं.

"डॉक्टर, ही आमची डायल आहे."

"तुमची होती. तुम्हीच बदलून मागितलीत," योगराज हात धुता धुता म्हणाला. "माझ्याकडे त्याच सालचं घड्याळ होतं, डायल मात्र नंतर कंपनीत बदललेली, काळी कोरी. ती तुमच्यात घातली, तुमची माझ्यात. बनावट काही दिलं नाही मी. पूर्वी लोक अशा रंग उडालेल्या डायली फेकून द्यायचे, म्हणून आता मिळत नाहीत. एकसारखा तपकिरी रंग चढलेली तर शंभरात एखादी. त्यावर लोक जीव टाकतात."

"तुम्ही म्हणालात सडलीय!"

"म्हणालो. तुम्ही आईला विचारायचं होतं."

"परत द्या. पाया पडतो."

समाधान खरंच वाकला. योगराजनं पाय मागे घेतले, कारण बाहेर दुसरा पेशंट बसला होता. "कवळी मंगळवारी तयार होईल," तो म्हणाला.

समाधान पोलिसांत गेला, वकिलाकडे गेला. घड्याळ त्यानं स्वतःच्या हातानं दिलं होतं, दुरुस्त होऊन परतही मिळालं होतं. कोणी तक्रार घेईना. हिवाळ्यात योगराजनं तपकिरी डायलचं आपलं घड्याळ मुंबईच्या लिलावात विकलं आणि परदेशातल्या कुणीतरी ते नेलं.

मापाच्या त्या दिवशी देवपूरहून परतताना एसटीत भागाबाई मुलाशी शेवटचं बोलल्या होत्या.

"त्यानी चोरं," त्या म्हणाल्या. "पन तू दिधं."

त्यानंतर त्या दोन वर्षं जगल्या. समाधान उशाशी बसून पाय चेपायचा, औषध पाजायचा. त्या औषध घ्यायच्या. पण पाणी हवं असलं तर मान वळवून स्वयंपाकघरातल्या रत्नाला हाक मारायच्या, आणि ती येईपर्यंत तहानलेल्या राहायच्या.