माझ्या काचेवरची हळद

मी एक जुना टीव्ही आहे. माझी काच फुटली आहे आणि भेगेत थोडी हळद अडकली आहे. मित्रांनो, मी जन्मभर मारामाऱ्या दाखवल्या. आज सांगतो ती मारामारी मात्र माझ्यासमोर झाली, आणि तिला कारण मीच होतो.

मदनरावांनी मला सांगलीच्या दुकानातून आणलं. जवळच्याच गावात त्यांची द्राक्षबाग आणि बेदाण्याचं शेड. घर जैनांचं. पाणी गाळून प्यायचं, दिवस मावळायच्या आत जेवायचं. साखरेला मुंग्या लागल्या तर थोरला आर्जव डबा उन्हात ठेवायचा आणि शेवटची मुंगी निघून जाईपर्यंत बसून राहायचा. मला भिंतीवर बसवलं त्या दिवशी गुणमालाताईंनी कुंकू लावलं. तेव्हापासून मी जरा शेफारलोच.

धाकटी चंदना आठ वर्षांची. बोलायची थोडं, डोळ्यांत बघायची नाही, भांडं पडलं की कान झाकायची. डॉक्टरांनी ती स्वमग्न असल्याचं सांगितलं होतं, पण म्हणजे काय, ते घरात कुणी नीट विचारलं नाही. ते मी सांगितलं, आणि मोठ्या ऐटीत सांगितलं.

रविवारी सकाळी माझ्यावर अंतराळातली एक मालिका लागे, पुन्हापुन्हा तीच. त्यातला लंगडा माणूस दुष्ट होता. त्याला यंत्राचा पाय बसवला, तेव्हा तो आणखी दुष्ट झाला. आणि शून्य नावाचा एक मुलगा होता. तोही डोळ्यांत बघत नसे, कान झाकत असे. शत्रू त्याला साखळीनं झोडपत, विजेचे झटके देत, तरी तो हूं की चूं करत नसे. त्याला दुखतच नाही, असं त्याचा कप्तान सांगे. शेवटी त्याच्या डोक्यात एक चकती बसवली, तो रडला, आणि मगच सगळ्यांनी त्याला जवळ घेतलं.

"आपली चंदी शून्यच हाय," आर्जव म्हणाला.

पहिल्या रविवारी त्यानं तिला चिमटे काढले. ती ओरडली नाही, नुसती गुणगुणत पुढेमागे डुलत राहिली. दुसऱ्या रविवारी त्यानं कर्कटकाचं टोक तिच्या हातात खुपसलं. रक्त आलं. मालिका बघायला जमलेल्या गल्लीतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. गुणमालाताईंना डाग दिसले, तेव्हा मदनराव म्हणाले, "सवताच चावून घेत आसंल. तिला काय कळतंय?" मी सगळं पाहत होतो आणि मालिकेचं गाणं वाजवत होतो. आज त्याची शरम वाटते.

तिसऱ्या रविवारी आर्जवनं गॅसवर उलथनं तापवून माझ्यासमोर आणलं. माझ्या पडद्यावर शून्यला आगीत ढकलत होते. पोरांनी चंदनाचे दोन्ही हात धरले आणि आर्जवनं उलथनं तिच्या दंडाला लावलं. चर्र आवाज झाला. ती अशी किंचाळली की पोरं पळाली. तिनं हाताशी आलेला लोखंडी बत्ता उचलला आणि माझ्या तोंडावर, हसणाऱ्या कप्तानावर हाणला. एकदा, दोनदा, तीनदा. काच फुटली, काळोख पसरला. आवाज मात्र चालूच राहिला.

मदनराव धावत आले. त्यांनी फुटलेला टीव्ही पाहिला आणि चंदनाच्या थोबाडीत मारली. वेणी धरून ते तिला दाराकडे ओढू लागले. "हिला आता शेडात बांधूनच ठिवतो."

"आवं, सोडा तिला," मागोमाग आलेल्या गुणमालाताई मधे पडल्या. "आदी दंड बघा तिचा."

दंड पाहून ते थांबले. मग आर्जवकडे वळले आणि त्याला मारू लागले. त्याचं नाक फुटलं. तेव्हा चंदनानं कान झाकले आणि ती पुन्हा किंचाळली, पहिल्यापेक्षा मोठ्यानं. मदनरावांचा हात खाली आला.

"टीव्हीत त्याला दुखत न्हाई," आर्जव रडत म्हणाला. "मला वाटलं, हिलाबी न्हाई."

"मुंगीचं दुखणं कळतंय तुला, आन भनीचं न्हाई? इचारलंस का कवा तिला?" गुणमालाताई चंदनाजवळ बसल्या. "मी तरी कवा इचारलं."

त्यांनी चंदनाच्या दंडाला खोबरेल आणि हळद लावली. "दुखलं का गं?" त्यांनी विचारलं. ती गुणगुणत हळदीच्या वाटीकडे बघत राहिली.

मला शेडात, बेदाण्याच्या खोक्यांवर ठेवलं. तिसऱ्या दिवशी चंदना हळदीची वाटी घेऊन आली आणि माझ्या भेगेवर बोटानं हळद लावू लागली. दारात आर्जव उभा होता.

"टीव्हीला कशाला?"

"दुखलं," ती म्हणाली. मग तिनं आपला दंड दाखवला. "हितंबी."

मित्रांनो, कुणाला दुखतं आणि कुणाला नाही, हे माझ्यासारख्याच्या सांगण्यावरून ठरवू नका. ज्याचं त्याला विचारा. उत्तराला तीन दिवस लागले, तर तीन दिवस थांबा. ज्या पोरीला काही जाणवत नाही असं मी घरभर सांगत सुटलो होतो, तिनंच मला हळद लावली.