पुण्यापर्यंतची भाकर

गोजरबाईच्या घरचा कायदा सरळ होता: सकाळी थापलेली भाकर ज्या गावाला मऊ पोचते, त्याच गावाला लेक द्यायची. म्हणून साखरा गावच्या त्या घरातल्या लेकी सेनगाव, लई झालं तर हिंगोली, त्यापुढं गेल्याच नव्हत्या. आणि नात मंजुषा बघा, तिचं मन बसलं पुण्याच्या बालाजीवर!

पोरगा नात्यातला, नोकरीचा, सगळं बराबर. अडलं होतं ते फक्त पुणं.

"पुणं काय लांब हाय आजी? नांदेडहून इमानानं तासभर!" मंजुषानं ठासून सांगितलं.

"तासभर? मंग जा बापाला घेऊन. मी भाकर बांधून देते. मऊ पोचली तर लगीन, कडक झाली तर इसर त्याला."

मंजुषा घरभर नाचली. तिचा बाप रामकिशन तर तिच्याहून येडा. गड्यानं भर उन्हात लग्नातला कोट चढवला.

पोरगी शिकलेली, पण अक्कल पडली होती गहाण. तिनं हिशेबात नुसतं उडणं धरलं. साखरा ते नांदेड जीपचे हादरे कोण धरणार? आणि विमानतळावर कितीतरी आधी जाऊन बसावं लागतं, हे तर तिला तिथं पोचल्यावर कळलं. अगं बाई! बसल्या बसल्या ती फडक्यावरून भाकर दाबून बघायची आणि बघवेना म्हणून तोंड फिरवायची.

तपासणीवाल्यानं फडकं सोडायला लावलं. "इसमें क्या है?"

"माझ्या लेकीचं लगीन हाय सायेब," रामकिशन कळवळला. "बांधा लवकर, वारं लागून राहिलं."

विमान उडालं तसं रामकिशननं डोळे गच्च मिटून मारुतीचं नाव घेतलं. मग एक डोळा उघडला, मग दुसरा, आणि मग काही ते मिटेनात.

"मंजे, ते पाह्य, आपलं सिद्धेश्वरचं धरण!"

धरण राहिलं होतं पार मागं, भलत्याच अंगाला. पण मंजुषानं मान डोलावली. खिडकीला नाकं लावून बापलेक खिदळत सुटले. हसणं आवरतंय तोवर पुणं आलं.

बाहेर बालाजी उभा, कपाळ घामानं डबडबलेलं. तेवढ्यात गोजरबाईचा फोन. मंजुषानं तो सगळ्यांना ऐकू येईल असा धरला. रामकिशननं फडकं सोडलं, तुकडा मोडून दाढेखाली घातला. कडाक्!

"काय रे, कशी हाय भाकर?"

रामकिशननं लेकीच्या तोंडाकडं पाहिलं.

"लोणी हाय माय, लोणी!"

पलीकडं म्हातारी खुदकन हसली.

"मेल्या, भाकरी मी काय आजच थापून राहिली व्हय? दाढ वाजल्याली इथवर ऐकू आली."

मंजुषाला रडूच फुटलं.

"रडतीस काहून गं? कायदा माझ्या सासूनं केला तो ह्याच्यासाठी, का लेकीनं हाक मारली तर बाप पोचला पायजे. तुझ्यासाठी ह्यो आज पयल्यांदा मायीला खोटं बोलला. आसा बाप कुठूनबी पोचतो. दिली पोर!"

बालाजीनं तिथंच रामकिशनचे पाय धरले. मंजुषा रडता रडता हसायला लागली. फोनमधून म्हातारी अजून ओरडतच होती.

"आन ऐक मंजे, पयल्या पंचमीला तुला माहेरी आणायला बाप न्हाई येनार. मी येनार. इमानात, खिडकीपाशी बसून!"